ख्रिस्ताची ओढ, ओवीची वाट

देवाला भाषा लागत नाही, असं आपण नेहमी म्हणतो. ते खरंही असेल. पण देवाला हाक मारणाऱ्या माणसाला मात्र भाषा लागते. हाक मारायची तर नाव हवं, नात्याचा एखादा शब्द हवा, रुसायचं झालं तर रुसण्याची बोली हवी. विठ्ठलाच्या भक्ताची मराठीतली ही सोय ज्ञानदेव-नामदेवांनी सातशे वर्षांपूर्वीच करून ठेवली. पण ज्यांचा धर्मग्रंथ दूर देशात, परक्या भाषेत लिहिला गेला, त्यांनी मराठीत देवासाठी कसं रडायचं? गोव्यातले आणि महाराष्ट्रातले ख्रिस्ती भक्त चारशे वर्षं या प्रश्नाशी झगडत आले. त्यांची ती कहाणी आज सांगायची आहे.

मी मुसलमान. मराठीत कविता लिहितो, सांगलीला विश्रामबागेत राहतो. ख्रिस्ती भक्तीवर मी का बोलावं, असं कुणाला वाटलं तर त्यात गैर काही नाही. आमच्या नमाजाची भाषा अरबी. अर्थ कळो न कळो, ती बदलत नाही. पण नमाज झाला, हात पसरले, की दुआ सुरू होते आणि दुआ माणूस आपल्या बोलीत मागतो. माझी आई दख्खनीत दुआ मागायची, पण त्यातला ‘लेकरं’ हा शब्द मराठीच असायचा. ग्रंथाची भाषा एक आणि काळजाची दुसरी, हा अनुभव माझ्या घरातला आहे. त्यामुळे हाच अनुभव घेतलेल्या दुसऱ्या घराबद्दल मला कुतूहल वाटत आलं.

तहानेची स्तोत्रं

बायबलच्या जुन्या करारात ‘स्तोत्रसंहिता’ नावाचा भाग आहे. त्यात दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांतली बरीचशी परंपरेनं दाविदाच्या नावावर आहेत. हाच दावीद आमच्याकडे दाऊद पैगंबर. त्यांना मिळालेल्या ग्रंथाला कुराणात ‘जबूर’ म्हटलेलं आहे. म्हणजे ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान तिघांनाही हा राजा-कवी आपला वाटतो.

या स्तोत्रांत स्तुती आहे, राग आहे, शत्रूंना दिलेले शापही आहेत. पण माणसाच्या जवळ येतात ती ओढीची स्तोत्रं. बेचाळिसाव्या स्तोत्रातला भक्त स्वतःला पाण्यासाठी कासावीस झालेल्या हरिणीच्या जागी पाहतो. त्रेसष्टाव्यात त्याला आपला जीव पाण्याविना भेगाळलेल्या जमिनीसारखा वाटतो. एकशेतिसाव्यात रात्रीचा पहारेकरी पहाटेची वाट पाहतो, त्याहून अधिक आतुरतेनं हा देवाची वाट पाहतो. आणि एकशेसदतिसाव्यात तर बाबिलोनला कैद करून नेलेली माणसं नदीकाठी बसून आपल्या गावासाठी रडतात. परक्या मुलखात आपलं गाणं गायचं कसं, हा त्यांचा सवाल आहे.

आता हे सगळं मराठी माणसाला नवं आहे का? आपल्या संतांकडे चातक आहे, चकोर आहे, पाण्याबाहेर तडफडणारी मासोळी आहे, सासरी निघालेली आणि मागे वळून पाहणारी लेक आहे. वारीच्या वाटेवर उभं राहून पंढरपूरकडे डोळे लावणं आहे. तेविसाव्या स्तोत्रातला देव तर मेंढपाळ आहे. कळपाला हिरव्या कुरणात नेणारा, पाण्यावर नेणारा. हे चित्र लंडनच्या माणसाला कल्पनेनं समजून घ्यावं लागेल. आमच्या जत-आटपाडीच्या धनगराला त्यासाठी टीपा लागणार नाहीत. पाऊस नसलेल्या मुलखात मेंढरं जगवणं म्हणजे काय, हे त्याला या स्तोत्रकर्त्याइतकंच ठाऊक आहे.

म्हणजे ग्रंथातली तहान आपल्या ओळखीची होती. प्रश्न होता तो तिला मराठी शब्द देण्याचा. तीन माणसांनी त्याची तीन निरनिराळी उत्तरं दिली. पहिलं उत्तर एका इंग्रजानं दिलं.

पुराण मागणारी माणसं

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधल्या विल्टशरचा. जन्म १५४९ च्या सुमारासचा. रोमला जाऊन तो जेझुइट संघात दाखल झाला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला उतरला. पुढची चाळीस वर्षं, म्हणजे १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो तिकडेच राहिला. त्यातला मोठा काळ सासष्टी भागात गेला.

ही सासष्टी कोणत्या अवस्थेत होती, ते विसरून चालणार नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलेलं होतं. १५६७ च्या सुमारास सासष्टीतली देवळं पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइट पाद्री मारले. त्यांतला रुडॉल्फ अक्वाविवा हा काही महिन्यांपूर्वीच अकबराच्या दरबारातून परतला होता. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना बोलावून ठार केलं. हे सगळं स्टीफन्सच्या डोळ्यांसमोर घडलं. ज्या सत्तेच्या आधारानं तो तिथं राहत होता, तिनंच लोकांचे देव आणि पोथ्या हिरावून घेतल्या होत्या.

या माणसानं मराठी आणि कोकणी शिकून घेतली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचा एक ग्रंथ रचला. आपण त्याला ‘क्रिस्तपुराण’ म्हणतो. १६१६ साली तो रायतूरला छापला गेला. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून रोमी लिपीत. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या शाळेच्या पुस्तकांतून आपल्यापैकी अनेकांना माहीत झाल्या. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ग्रंथाच्या सुरुवातीला एक प्रसंग आहे. नव्यानं ख्रिस्ती झालेला एक जाणता ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही मोडीत काढलीत, मग आम्ही वाचायचं काय? आम्हाला आमच्या भाषेत तसं काहीतरी द्या. या मागणीतून पुढचा ग्रंथ उभा राहतो.

या मागणीकडे जरा थांबून पाहायला हवं. ही केवळ मनोरंजनाची मागणी नाही. संध्याकाळी दिवा लागल्यावर चार माणसं जमवून पोथी ऐकायची, कथेतल्या संकटात रडायचं, अध्याय संपला की हात जोडायचे, हे ज्यांच्या अंगात भिनलं होतं, त्यांच्या हातातली पोथी गेली होती. नवा देव त्यांना सांगितला गेला होता, पण त्याच्यासाठी रडायची रीत कुणी दिली नव्हती. प्रश्नोत्तरांचं पुस्तक पाठ करून माणसाला श्रद्धेची कलमं कळतात. त्यानं डोळ्यांत पाणी येत नाही.

स्टीफन्सनं बायबलचा अनुवाद केला नाही. त्यानं बायबलचं पुराण केलं. त्याचे दोन भाग. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून ते तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या संदेष्ट्यांपर्यंतची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचं चरित्र. अध्यायाला त्याचा शब्द आहे ‘अवस्वरु’. येशूला तो ‘जेजू’ म्हणतो आणि स्वर्गाला बेधडक ‘वैकुंठ’ म्हणतो. पहिला भाग हा एका परीनं वाट पाहण्याचाच ग्रंथ आहे. पिढ्यामागून पिढ्या जातात, राजे येतात-जातात, लोक चुकतात, शिक्षा भोगतात आणि पुन्हा वर पाहतात, की येणारा केव्हा येणार? ओवीची चाल या वाट पाहण्याला फार मानवते. ओवीला घाई नसते. जात्यावर बसलेल्या बाईला माहीत असतं, की पीठ आपल्या वेळेलाच पडणार.

काही अभ्यासक म्हणतात, ही सारी धर्मप्रसाराची युक्ती. मदुराईला रॉबर्ट द नोबिलीनं संन्याशाची वस्त्रं घातली, तशी स्टीफन्सनं ओवी पांघरली. यात तथ्य नाही, असं मी म्हणणार नाही. तो धर्मप्रसारकच होता. पण युक्तीनं रचलेल्या गोष्टी युक्ती संपली की मरतात. १६१६ नंतर १६४९ आणि १६५४ मध्ये या पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. चर्चमध्ये रविवारी आणि सणासुदीला ते वाचलं जाई. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारनं हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावं. तरीही पुराण टिकलं. छापलेल्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकाही प्रतीचा पत्ता आजवर लागलेला नाही. टिकल्या त्या लोकांनी हातानं उतरवून घेतलेल्या नकला.

गोव्यातून मंगळुराकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या सोबत नेल्या. १७८४ मध्ये टिपू सुलतानानं तिथल्या हजारो कॅथलिकांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेलं. १७९९ पर्यंत ते तिथं होते. त्या बंदिवासात क्रिस्तपुराणातल्या ओव्यांनी आम्हाला धीर दिला, असं त्या समाजात सांगत आले आहेत. मुसलमान म्हणून ही गोष्ट सांगताना मी आवाज खाली करणार नाही. बंदिवासातलं रडणं कुणाचंही असो, ते रडणंच असतं. बाबिलोनच्या नदीकाठी विचारलेला तो सवाल कावेरीच्या काठी पुन्हा उभा राहिला. फरक एवढाच, की या लोकांजवळ परक्या मुलखात गायला गाणं होतं आणि ते मराठी ओवीत होतं.

१९०७ साली मंगळुराला जोसेफ साल्ढाणा यांनी अशा हस्तलिखितांवरून हे पुराण छापून काढलं. पुढे लंडनच्या मार्सडेन संग्रहात त्याचं देवनागरीतलं एक हस्तलिखित मिळालं. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी संपूर्ण देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा कुठं आपल्याकडच्या सामान्य वाचकाला ते हाती धरता आलं.

तुकोबाच्या पुलावरून

स्टीफन्स बाहेरून मराठीत आला. नारायण वामन टिळक मराठीच्या आतून ख्रिस्ताकडे गेले. त्यामुळे दुसरं उत्तर अगदी वेगळं आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. ब्राह्मण घर, संस्कृतचा अभ्यास, जोडीला कवित्व आणि पायाला भिंगरी. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला. त्यानं त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगितलं. डोंगरावरचं प्रवचन वाचून टिळक हलले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतर जे घडलं ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लक्ष्मीबाई नवऱ्यापासून दूर राहिल्या. ख्रिस्ताच्या ओढीनं एक माणूस घराबाहेर पडला आणि त्याच्या बायकोच्या वाट्याला दुसऱ्याच ओढीची वर्षं आली. ती पाच वर्षं मला फार बोलकी वाटतात. देवासाठी तळमळणाऱ्याचं चरित्र आपण भक्तिभावानं लिहितो. त्याच्यासाठी तळमळणाऱ्या माणसांचं सहसा कुणी लिहीत नाही. लक्ष्मीबाईंनी ते लिहिलं आणि तेही हसत हसत. पुढे त्या आपल्या मनानं टिळकांकडे गेल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

त्या काळच्या मिशनच्या उपासनेत बरीचशी गाणी इंग्रजी चालींवर बेतलेली होती. शब्द मराठी, चाल साहेबाची. नगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती, पण टिळकांनी ती रुंद केली. त्यांनी भजनं रचली, कीर्तनं केली आणि अभंग लिहिले. ‘अभंगांजली’ हे त्यांचं पुस्तक प्रसिद्ध आहे. मराठी प्रॉटेस्टंट मंडळी ज्या ‘उपासना संगीत’मधून गातात, त्यात टिळकांची कितीतरी पदं आहेत. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं ते बोलत. हा पूल उतरून झाल्यावर त्यांनी तो जाळला नाही, ही मोठी गोष्ट.

टिळकांच्या अभंगांत ख्रिस्त गुरू आहे, सखा आहे आणि मुख्य म्हणजे माउली आहे. इथं एखादा कडवा माणूस म्हणेल, की हे वारकऱ्यांचं उसनं घेतलं, पवित्र शास्त्रात देव पिता आहे, आई नाही. पण शास्त्र नीट वाचावं. यशयाच्या ग्रंथाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात देव विचारतो, की आई आपल्या अंगावर पिणाऱ्या लेकराला विसरेल का? आणि ती एक वेळ विसरली तरी मी विसरणार नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू यरुशलेमकडे पाहून हळहळतो, तेव्हा तो स्वतःला पिलांना पंखांखाली घेऊ पाहणाऱ्या कोंबडीच्या जागी ठेवतो. चौदाव्या शतकात इंग्लंडमधल्या ज्युलियन ऑफ नॉर्विच या साध्वीनंही ख्रिस्ताला आई म्हटलं होतं. म्हणजे आई ग्रंथात होतीच. विठूला माउली म्हणायची सवय झालेल्या मराठी डोळ्यांना ती लवकर दिसली, एवढंच. आपल्या भाषेतून ग्रंथाकडे पाहिलं म्हणजे ग्रंथ बिघडतोच असं नाही. कधी कधी त्याचं झाकलेलं पानही उघडतं.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचं वेतन सोडलं आणि ख्रिस्ती संन्याशाप्रमाणे राहायचं ठरवलं. या शेवटच्या काळात ते आपल्या साताऱ्याला राहिले. ‘देवाचा दरबार’ नावाचा एक मेळा त्यांनी मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्याचं दार उघडं होतं. या नावाकडे माझं लक्ष नेहमी जातं. ‘दरबार’ हा शब्द फारसी. आमच्या बादशहांबरोबर तो मराठीत आला, एकनाथांच्या ‘अर्जदास्ती’सारख्या रचनांमधून भक्तीत रुळला आणि ब्राह्मण कुळात जन्मलेल्या एका ख्रिस्ती कवीला आपल्या सत्संगासाठी तोच सापडला. आता हा शब्द कोणत्या धर्माचा म्हणायचा?

टिळकांनी ख्रिस्ताचं चरित्र मराठी महाकाव्यात आणायचं घेतलं होतं, ‘ख्रिस्तायन’. सुरुवातीचे काही अध्याय झाले आणि ९ मे १९१९ रोजी ते गेले. बेताचं लिहायला-वाचायला शिकलेल्या, ‘नवऱ्याच्या देवा’पासून पाच वर्षं लांब राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते काव्य पुढे नेलं. १९३६ मध्ये त्याही गेल्या. १९३८ साली शहात्तर अध्यायांचं ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झालं. त्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंचा आहे.

मात्र इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. टिळकांना अभंग वारशानं मिळाला होता. नगर जिल्ह्यात आणि इतरत्र ख्रिस्ती झालेल्यांत महार-मांग समाजातली माणसं मोठ्या संख्येनं होती. त्यांचा अभंगाशी संबंध होता तो चोखोबाच्या जागेवरून, देवळाच्या बाहेरून. त्यांच्या ओढीत दाराबाहेर ठेवल्याचं दुःखही होतं. त्यांच्यातल्या कुणाला जुन्या भक्तीचे शब्द गोड वाटले असतील, तर कुणाला त्या शब्दांबरोबर जुनी पायरीही आठवली असेल. जुनी भाषा जवळ करणं सगळ्यांना सारखं सोपं नसतं. तिसऱ्या उत्तरापाशी येताना हे ध्यानात ठेवू.

रमाबाईंची निवड

पंडिता रमाबाई पुराणिकांच्या घरातल्या. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थोतीर्थी फिरत आणि पुराणं सांगून पोट भरत. रमाबाईही लहानपणापासून संस्कृत पुराण सांगत. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढचं शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन आणि दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली हे सगळं आपल्याला ठाऊक आहे.

पुराण आणि संस्कृत यांवर इतका ताबा असलेल्या बाईनं ख्रिस्ती भक्तीसाठी पुराणाची भाषा वापरली असती, तर कुणाला नवल वाटलं नसतं. त्यांनी नेमकं उलट केलं. आधीची मराठी बायबलं होती. सेरामपूरच्या विल्यम केरीनं १८०५ मध्येच मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं होतं आणि मुंबईच्या मिशनऱ्यांनी पुढे सगळं बायबल मराठीत आणलं. पण ते रमाबाईंना पुरेना. त्यातली मराठी संस्कृताच्या भारानं जड झालेली होती आणि कित्येक शब्दांना जुन्या देवाधर्माचा वास होता. मुक्तीतल्या थोड्याफार शिकलेल्या बाईला ती वाचता येईना. मग रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून सगळ्या बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करायला बसल्या. वर्षानुवर्षं हे काम चाललं. खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीतल्याच बायका होत्या. १९२१ मध्ये त्यांची एकुलती लेक मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या. १९२४ साली ते बायबल छापून पुरं झालं.

जग फिरलेल्या, मोठमोठ्या सभा गाजवलेल्या बाईनं आयुष्याची अखेरची वर्षं शब्द निवडण्यात घालवली, याचा अर्थ काय? मला वाटतं, त्यांचीही ती ओढच होती. टिळकांची ओढ गाण्यात उतरली, रमाबाईंची मुळापर्यंत जाण्यात. देव जे बोलला ते मध्ये कुणी न येता ऐकायचं आणि जिला आयुष्यभर कुणी पोथीला हात लावू दिला नाही, तिच्या हाती ते द्यायचं. जुने शब्द त्यांनी अज्ञानानं टाळले नाहीत. त्या शब्दांचं ओझं काय असतं, हे पुराणिकाच्या लेकीहून जास्त कुणाला ठाऊक असणार? विधवेला, अनाथ मुलीला ज्या शब्दांनी बांधून ठेवलं, त्याच शब्दांत मुक्तीची गोष्ट सांगायची त्यांची तयारी नव्हती.

भाषा कुणाची?

या तिघांपैकी बरोबर कोण, असा निकाल देण्याची माझी इच्छा नाही. स्टीफन्सनं हिरावलेल्या पोथीच्या जागी पोथी दिली. टिळकांनी अंगात मुरलेल्या अभंगाला नवा देव दिला. रमाबाईंनी जुनी वस्त्रं उतरवून उघडी मराठी पुढे केली. मला तिघांचीही अडचण समजते, कारण रोज लिहिताना ती माझ्यापुढे असते. अल्लाहची करुणा मराठीत सांगताना मी कोणता शब्द घेऊ? ‘दयाघन’ लिहिलं तर घरातले वडीलधारे विचारतात, हा कुठला शब्द? ‘रहमत’ लिहिलं तर बाहेरचे विचारतात, याला मराठी शब्द नाही का? आणि दोन्ही लिहून कविता बरी जमली, तर कुणीतरी पाठ थोपटून म्हणतं, ‘तुमचं मराठी फार शुद्ध आहे हो!’ या शाबासकीत एक धक्काही असतो. मराठी माझी असेल, हे त्यांनी गृहीत धरलेलं नसतं.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहिला, तेव्हा त्यांना असं कुणी म्हणालं होतं की नाही, कोण जाणे. पण ख्रिस्ती लेखकांना हा धक्का अगदी परवापर्यंत बसत आला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०१० मध्ये ‘सुबोध बायबल’ मराठीला दिलं. २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्याला मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, त्र्याण्णवाव्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू मराठी संमेलनाचा अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी विरोध केला. क्रिस्तपुराणाला चारशे वर्षं होऊन गेल्यावरची ही गोष्ट. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. मराठीतून बायबल आणि बायबलमधून मराठी समजून घेणारा एक साधा माणूस आपल्यातून गेला.

आपल्या सांगली-मिरजेकडे पाहिलं, तर हा विरोध पोकळ वाटतो. मिरजेत ख्वाजा शमनामीरांचा दर्गा आहे. उरुसात तिथं अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणं चालतं. त्याच गावात डॉक्टर वॉनलेसनी १८९४ मध्ये सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं आणि कोणत्याही जातीधर्माचा आजारी माणूस तिथं आला. दुखणाऱ्या माणसाच्या तोंडून ‘आई गं’ निघतं, तेव्हा त्याचा धर्म विचारावा लागत नाही. बायबलचे मराठी भाषांतरकार ‘भाकर’ शब्दापाशी पोचले, तेही असंच. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत रोजचं अन्न मागितलेलं आहे. गव्हाच्या पावाला इथल्या गरिबाच्या ताटात जागा नव्हती. तिथं जोंधळ्याची भाकरी होती. भाषांतरकारांनी ‘भाकर’ लिहिलं आणि ती प्रार्थना इथल्या भुकेची झाली.

ग्रंथ कुठूनही येवो, त्यातली तहान भागते ती घरच्या पाण्यानं. हे पाणी एका धर्माच्या विहिरीतलं नाही. ज्ञानदेवांनी ते काढलं, चोखोबांनी बाहेर उभं राहून मागितलं, शेख महंमदांनी प्यायलं, एका इंग्रजानं ते अकरा हजार ओव्यांच्या पन्हाळीतून नेलं, एका पुराणिकाच्या मुलीनं ते गाळून घेतलं. ग्रंथालयात ‘क्रिस्तपुराण’, ‘अभंगांजली’, ‘ख्रिस्तायन’ ही पुस्तकं बहुधा ‘ख्रिस्ती वाङ्मय’ अशा वेगळ्या कप्प्यात असतात आणि त्यांच्यावरची धूळ सहसा हलत नाही. माझी एवढीच विनंती आहे, की एकदा ती तिथून काढून गाथेशेजारी ठेवावीत आणि आपली म्हणून वाचावीत. ती वाचायला ख्रिस्ती असावं लागत नाही. कधीतरी कुणाची तरी वाट पाहिलेली असली म्हणजे पुरे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)